सात माणसांचं गाव

वॉलपॅकला मी पहिल्यांदा गेलो तो चुकून. ऑक्टोबर महिना होता, आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या बहुतेक देशी आयटीवाल्यांप्रमाणे आम्ही चौघं मित्र पानांचे रंग बघायला निघालो होतो. डब्यात पोळीचे रोल, थर्मासमध्ये चहा, गाडीत कुणाची तरी जुनी प्लेलिस्ट. डेलावेअर नदीच्या काठाकाठाने ओल्ड माइन रोड नावाचा एक अरुंद रस्ता जातो. तिथे फोनची रेंज गेली, नकाशा गोठला आणि एका फाट्यावर आम्ही भलतीकडे वळलो.

पुढे एक गाव लागलं. पांढरं लाकडी चर्च, छोटं पोस्ट ऑफिस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोजून थोडी घरं. गवत कापलेलं होतं, पण कुठे कपडे वाळत नव्हते, कुत्रं भुंकलं नाही, एकाही दारात गाडी उभी नव्हती. आम्ही फोटो काढले, कुणीतरी हॉरर सिनेमाचा विनोद केला आणि आम्ही निघालो.

घरी आल्यावर मी गावाचं नाव शोधलं. वॉलपॅक टाउनशिप, ससेक्स काउंटी. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या १६. २०२० च्या जनगणनेत ७.

सात. आमच्या टीमच्या रोजच्या मीटिंगला याहून जास्त माणसं असतात.

येताना आणखी एक गोष्ट दिसली होती. वॉलपॅकच्या बाहेर, जिथे माणसं राहतात त्या भागात, घरांपुढच्या हिरवळीवर पाट्या लावलेल्या होत्या : नॅशनल पार्क नको. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. नॅशनल पार्क कुणाला नको असेल? आमच्या गाडीत ऐंशी डॉलरचा वार्षिक पास होता, यलोस्टोन आणि झायन करून झालं होतं, फ्रिजवर चुंबकं होती. माझ्या डोक्यात 'राष्ट्रीय उद्यान' हा शब्द 'चांगली गोष्ट' या खात्यात आपोआप जमा होता.

त्या पाट्यांचा अर्थ लावायला मला बरेच महिने लागले. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतोय.

*

आधी जागा समजून घेऊ. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी या दोन राज्यांच्या सीमेवरून डेलावेअर नदी वाहते. किटॅटिनी नावाची डोंगररांग ती एका ठिकाणी आरपार कापते. त्या खिंडीला डेलावेअर वॉटर गॅप म्हणतात. खिंडीच्या वरच्या बाजूला नदीच्या दोन्ही काठांवर मिळून साधारण ७०,००० एकर जमीन केंद्र सरकारकडे आहे. तिचं अधिकृत नाव 'डेलावेअर वॉटर गॅप नॅशनल रिक्रिएशन एरिया'. राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र म्हणू हवं तर. न्यूयॉर्क शहरापासून ही जागा साधारण ७० मैलांवर आहे. वर्षाला ४० लाखांच्या वर लोक इथे येतात : पोहायला, कनू वल्हवायला, अपॅलेशियन ट्रेल चालायला, मासे धरायला, शिकारीला आणि आमच्यासारखे नुसते पानं बघायला.

आता गंमत अशी की ही जागा आजही नॅशनल पार्क सर्व्हिसच सांभाळते. या खात्याकडे देशभरात ४०० हून जास्त जागा आहेत. त्यांत रणभूमी आहेत, स्मारकं आहेत, समुद्रकिनारे आहेत, मनोरंजन क्षेत्रं आहेत. त्यांतल्या फक्त ६३ जागांना 'नॅशनल पार्क' ही उपाधी आहे. ती देण्याचा अधिकार संसदेला, म्हणजे काँग्रेसला आहे. जमीन तीच, खातं तेच, रेंजरची टोपी तीच. बदलतं ते नाव आणि नावासोबत काही नियम.

मग नाव बदलल्याने काय होतं? बरंच काही होतं. वेस्ट व्हर्जिनियातली न्यू रिव्हर गॉर्ज ही आधी 'राष्ट्रीय नदी' होती. डिसेंबर २०२० मध्ये एका अवाढव्य खर्च विधेयकात घालून तिला नॅशनल पार्क केलं गेलं. २०२० साली तिथे साधारण १०.५ लाख लोक आले होते. २०२१ साली १६ लाखांच्या वर आले. यातला काही भाग करोनानंतर घराबाहेर पडलेल्या गर्दीचा होता हे मान्य, पण सगळा नाही. माझ्यासारखे यादी घेऊन फिरणारे लोक असतात. ६३ पैकी किती झाले, असं आम्ही एकमेकांना विचारतो. किती मनोरंजन क्षेत्रं झाली, असं कुणीच विचारत नाही.

२०२१-२२ च्या सुमाराला डेलावेअर वॉटर गॅपसाठीही असाच प्रस्ताव पुढे आला. सिएरा क्लब या जुन्या पर्यावरण संघटनेच्या दोन्ही राज्यांतल्या शाखा आणि याच क्षेत्राचे एक निवृत्त अधीक्षक त्यामागे होते. प्रस्ताव होता 'नॅशनल पार्क अँड प्रिझर्व्ह' करण्याचा. थोडा भाग पार्क, उरलेला मोठा भाग प्रिझर्व्ह. पार्कमध्ये सहसा शिकार बंद असते, प्रिझर्व्हमध्ये चालू राहते. शिकाऱ्यांचा विरोध होऊ नये म्हणून काढलेली ही तोड होती.

विरोध झालाच. टाउनशिपांनी ठराव केले, ससेक्स काउंटीने ठराव केला, शेतकरी, शिकारी, मासेमार आणि नदीकाठची साधी घरवाली माणसं एकत्र आली. आणि अंगणांत पाट्या लागल्या.

त्यांचे मुद्दे मी वाचत गेलो, तेव्हा एक शब्द पुन्हा पुन्हा येत राहिला. टॉक्स. म्हणजे काय ते कळायला मला १९५५ पर्यंत मागे जावं लागलं.

*

ऑगस्ट १९५५. कॉनी आणि डायान ही दोन चक्रीवादळं एका आठवड्याच्या अंतराने आली. पहिल्याने जमीन भिजवून ठेवली, दुसऱ्याचं पाणी मुरायला जागाच उरली नाही. डेलावेअर आणि तिच्या उपनद्या रात्रीत फुगल्या. ब्रॉडहेड क्रीक या उपनदीच्या काठी एका उन्हाळी शिबिरात बायका आणि मुलं मोठ्या संख्येने उतरलेली होती. त्यांतली तीसहून जास्त माणसं एका रात्रीत वाहून गेली.

एवढा मोठा आघात झाल्यावर सरकारकडून जे अपेक्षित असतं ते झालं. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, म्हणजे अमेरिकी सैन्याचं धरणं बांधणारं अंग, पुढे आलं. खिंडीच्या वर, नदीतल्या टॉक्स नावाच्या छोट्या बेटापाशी १६० फूट उंचीचं मातीचं धरण बांधायचं ठरलं. मागे ३७ मैल लांबीचा जलाशय होणार होता. पूर अडेल, फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीला पाणी मिळेल, वीज होईल आणि शहरातल्या लोकांना नौकाविहार करता येईल. १९६२ साली काँग्रेसने धरणाला मंजुरी दिली. १ सप्टेंबर १९६५ ला दुसरा कायदा झाला आणि होऊ घातलेल्या जलाशयाभोवती राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र जाहीर झालं.

म्हणजे जे 'मनोरंजन' या जागेच्या नावात आजही आहे, ते मुळात एका तलावाकाठचं मनोरंजन होतं. तो तलाव कधी झालाच नाही.

पण जमीन घेतली गेली. जी बुडणार होती तीही आणि जी तलावाकाठी सहलीसाठी लागणार होती तीही. ज्यांनी विकली त्यांची विकत घेतली, ज्यांनी नाही म्हटलं त्यांची सक्तीच्या भूसंपादनाने. नदीकाठच्या या खोऱ्यात अठराव्या शतकापासूनची डच आणि इंग्रज वळणाची दगडी घरं होती, पाच-सहा पिढ्यांची शेतं होती, चर्चं, शाळा, दुकानं, दफनभूमी होत्या. विस्थापितांचा आकडा १५,००० पर्यंत सांगितला जातो. पाडलेली घरं हजारोंत मोजतात. अमेरिकेत पुनर्वसनाचं गाव नसतं. मोबदल्याचा चेक मिळतो आणि पुढचं तुमचं तुम्ही बघायचं.

लढल्या त्या मुख्यतः स्थानिक बायका. पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला नॅन्सी शुकायटिस यांचं नाव घेतात. त्यांचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठचं. त्यांनी शेजाऱ्यांना गोळा केलं, कोर्टात गेल्या, वॉशिंग्टनला साक्षी दिल्या आणि पुढे मन्रो काउंटीच्या कमिशनर म्हणून निवडूनही आल्या. डोंगरावर सनफिश पाँड नावाचं हिमयुगातलं एक तळं आहे. वीज कंपन्यांना धरणाला जोडून त्याचा साठवण टाकीसारखा वापर करायचा होता. ते वाचवायला १९६७ साली सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस स्वतः शेकडो लोकांबरोबर डोंगर चढून गेले. पदावरचा न्यायमूर्ती असा मोर्चात चालतोय हे चित्र आज मला जरा अविश्वसनीयच वाटतं. तळं वाचलं.

मधल्या काळात एक विचित्र प्रकरण घडलं. व्हिएतनाम युद्धात पैसा ओतला जात होता, धरण लांबत होतं आणि घेतलेली घरं रिकामी पडली होती. कोअरने ती भाड्याने द्यायचं ठरवलं आणि न्यूयॉर्कमध्ये जाहिरात केली. शहरातून हिप्पी आले. त्यांनी घरं धरली, भाजीपाला लावला, शेळ्या पाळल्या आणि पुढे भाडं देणं बंद केलं. ज्या घरातून आपल्याला काढलं त्या घरात परकी पोरं राहताहेत, हे पाहून जुन्या मालकांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. शेवटी फेब्रुवारी १९७४ मध्ये, ऐन थंडीत, मार्शल आणि बुलडोझर आले. माणसांना बाहेर काढलं आणि घरं पाडली. यात पाहुण्यांसोबत कुणाच्या तरी आजोबांची घरंही गेली.

तोवर हवा बदलली होती. १९७० पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांना पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल देणं कायद्याने बंधनकारक झालं. अहवालांतून प्रश्न निघू लागले. धरणाच्या पायाखाली घट्ट खडक नसून हिमनद्यांनी आणून टाकलेला गाळ होता. वरच्या शेतांतून आणि कोंबड्यांच्या फार्मांतून येणाऱ्या खतामुळे तलाव शेवाळाने हिरवा होण्याची भीती होती. खर्चाचा अंदाज फुगत चालला होता. ३१ जुलै १९७५ ला नदीखोरे आयोगात मतदान झालं. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि डेलावेअर यांनी धरण नको म्हटलं. पेनसिल्व्हेनियाने हवं म्हटलं. केंद्राने मत दिलं नाही.

धरण संपलं. १९७८ साली नदीच्या या पट्ट्याला संरक्षित नदीचा दर्जा मिळाला. मिसिसिपीच्या पूर्वेला मुख्य प्रवाहावर एकही धरण नसलेली सर्वांत लांब नदी म्हणून डेलावेअरचं आज कौतुक होतं. पर्यावरण चळवळीच्या इतिहासात हा विजय म्हणून शिकवला जातो, आणि तो विजय आहेच.

फक्त जमीन परत दिली गेली नाही. ती पार्क सर्व्हिसकडे गेली. धरणाचं कारण निघून गेलं, तरी घरं घेणारा कायदा जागेवरच राहिला. वॉलपॅकची १६ ची ७ माणसं झाली ती याच्या पुढच्या टप्प्यात. टाउनशिपची बहुतेक जमीन केंद्राकडे गेल्यावर नव्याने राहायला यायला जागाच उरली नाही. जे होते ते म्हातारे होत गेले.

*

हे वाचून झाल्यावर मी पाट्या लावणाऱ्यांचे मुद्दे पुन्हा काढले आणि एकेक तपासले. सवय आहे. बग रिपोर्ट आला की आधी तो खरोखर घडतो का ते बघायचं.

पहिला मुद्दा गर्दीचा. उन्हाळ्यातल्या शनिवारी इथे आजच पार्किंगला जागा नसते. गाड्या रस्त्याच्या कडेला लावतात, नदीकाठी कचऱ्याचे ढीग पडतात. बुडणाऱ्याला काढायला आणि कड्यावर अडकलेल्याला उतरवायला जातात ती आसपासच्या टाउनशिपांची पथकं, आणि त्यांतली पुष्कळ माणसं बिनपगारी स्वयंसेवक असतात. दिवसा नोकरी आणि पेजर वाजला की धाव. न्यू रिव्हर गॉर्जचे आकडे बघता हा मुद्दा खरा आहे.

दुसरा कराचा. केंद्राच्या जमिनीवर मालमत्ता कर लागत नाही आणि न्यू जर्सीत शाळा आणि रस्ते मुख्यतः त्याच करावर चालतात. केंद्र बदली म्हणून काही रक्कम देतं, पण ती कराची जागा घेत नाही. पाहुणे वाढले तर खर्च गावाचा वाढतो. हेही खरं.

तिसरा शिकारीचा आणि शुल्काचा. प्रिझर्व्हच्या भागात शिकार राहील, पण पार्कच्या भागातली जाईल. न्यू रिव्हर गॉर्जमध्ये पार्कच्या सुमारे ७,००० एकरांवर शिकारीला बंदी आहे. बऱ्याच मोठ्या पार्कांना प्रवेश शुल्क असतं. इथे आज फाटक नाही, फक्त काही ठिकाणी पैसे लागतात. उद्या काय होईल ते कायद्याच्या मसुद्यावर अवलंबून आहे. अर्धं खरं.

चौथा मुद्दा सगळ्यांत मोठ्या आवाजात मांडला जातो : ते पुन्हा आमची घरं घेतील. इथे मी अडखळलो. नाव बदलल्याने आपोआप कुणाचं घर जात नाही. भूसंपादनाचा अधिकार आजच्या मनोरंजन क्षेत्राच्या कायद्यातही आहेच, आणि हद्दीबाहेर तो पोचत नाही. समर्थक हेच पुन्हा पुन्हा सांगतात, आणि कागदावर ते बरोबर आहेत.

पण विचार करा, हे ऐकणारा कोण आहे? त्याच्या आईबापांना साठ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कागदाने सांगितलं होतं की इथे तलाव होणार, त्यासाठी तुमचं घर हवंय. घर गेलं, तलाव आला नाही, जमीन परत आली नाही. तोच कागदवाला नवा कागद घेऊन आलाय आणि म्हणतोय, यात फक्त नाव बदलतंय.

आमच्या धंद्यात 'फक्त नाव बदलायचंय' या वाक्याला अनुभवी लोक घाबरतात. माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही एका जुन्या सर्व्हिसचं नाव बदललं होतं. आतला एकही नियम बदलला नव्हता. तरी पुढचे तीन महिने कुठे ना कुठे काहीतरी मोडत राहिलं, कारण त्या नावावर कोण कोण विसंबून आहे याची यादी आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती. ती यादी ज्यांच्याकडे होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

*

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी पाटी लावून मोकळा होईन. पूर्व किनाऱ्यावर कोट्यवधी माणसं दाटीवाटीने राहतात. त्यांतल्या पुष्कळांना यलोस्टोनचं विमानाचं तिकीट परवडत नाही. दीड तासाच्या ड्राइव्हवर राष्ट्रीय उद्यान असणं ही त्यांच्यासाठी क्षुल्लक गोष्ट नाही. रस्ते खचलेत, जुन्या वास्तू पडायला आल्यात, दुरुस्तीला पैसा नाही. नाव मोठं झालं की पैसाही येईल ही समर्थकांची आशा आहे. क्लीव्हलंडजवळच्या कायहोगा व्हॅलीचं उदाहरण ते देतात. १९७४ साली ते मनोरंजन क्षेत्र झालं आणि २००० साली नॅशनल पार्क.

आणि तिसरी बाजूही आहे. 'स्थानिक' या शब्दावर बोट ठेवलं की ती निघते. ही भूमी मुळात लेनापी लोकांची. १७३७ साली पेनसिल्व्हेनियाचे मालक असलेल्या पेन बंधूंनी त्यांच्यापुढे एक जुना कागद ठेवला. त्यानुसार एक माणूस दीड दिवसात जेवढं अंतर चालेल तेवढी जमीन पेन कुटुंबाची, असं ठरलं. लेनापींना वाटलं माणूस चालेल, वाटेत बसेल, खाईल. पेन मंडळींनी झाडी तोडून आधीच वाट करून ठेवली आणि तीन दमदार माणसं नेमली. त्यांतला शेवटपर्यंत टिकलेला एडवर्ड मार्शल साठ मैलांच्या वर गेला. मग तिथून नदीकडे रेघ मारताना ती सरळ न मारता तिरकी मारली. एकूण १२ लाख एकर गेले. नदीची ही पश्चिम बाजू त्यात होती. न्यू जर्सीच्या बाजूचे हक्क १७५८ च्या ईस्टनच्या तहात संपवले गेले. लेनापींचे वंशज आज ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातल्या ऑन्टारिओत आहेत.

नव्या पार्कच्या सुचवलेल्या नावात 'लेनापी' हा शब्द घालावा असंही ठरत होतं. मला आधी ते छान वाटलं. मग वाटलं, पाटीवर नाव येईल, पण पाटीखाली राहायला कोण येणार?

*

हे सगळं मी एका रविवारी आजीला सांगितलं. आजीचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. ती लग्न होऊन नुकतीच बाहेर पडली होती आणि मागे गाव धरणाखाली गेलं. मे महिन्यात पाणी खाली गेलं की देवळाचं जोतं दिसतं, असं ती सांगते. पलीकडचा डोंगर आता राखीव जंगलात आहे. आपल्याकडे हे नवं नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयाभोवतीचं रान १९८५ साली अभयारण्य झालं आणि २०१० साली चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. आधी पाणी, मग वाघ. मीही शाळेत असताना वाघ वाचवाचं पोस्टर रंगवलं होतं. आजीच्या गावाचा आणि त्या पोस्टरचा काही संबंध असेल, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

व्हिडिओ कॉलवर आजीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आरं, धरान झालंच न्हाई म्हंतोस, मग जमीन माघारी दिली आसंल की त्यास्नी."

"नाही गं आजी. नाही दिली."

"का?"

मी म्हटलं, तिथे लोक फिरायला येतात, नदी स्वच्छ आहे, जंगल वाढलंय. ती जरा वेळ गप्प राहिली.

"आमचं निदान पान्याखाली हाय," ती म्हणाली. "दिसत तरी न्हाई. त्येंचं तर रोज डोळ्याम्होरं, आन् आत जाता येत न्हाई ऱ्हायला."

या वाक्यावर मी बराच वेळ अडकलो. धरणग्रस्तांबद्दल मी जेवढं वाचलंय त्यात गमावलेलं गाव पाण्याखाली असतं. इथे गाव उन्हात आहे. चर्चला रंग दिलेला आहे, माहितीचा फलक आहे, आणि माझ्यासारखे लोक येऊन त्याचे फोटो काढतात.

*

यंदा मेमध्ये मी एकटा पुन्हा वॉलपॅकला गेलो. या वेळी नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवला होता. चर्चसमोर सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ गवत कापायचं यंत्र गाडीत चढवत होते. मी हात लावला. बोलता बोलता कळलं की ते इथे राहत नाहीत, वीसेक मैलांवर राहतात. लहानपणचं घर याच रस्त्यावर पुढे होतं. आता फक्त पायऱ्या आहेत. दर पंधरवड्याला येऊन ते गवत कापतात. कुणी सांगितलेलं नाही.

मी त्यांना विचारलं, नॅशनल पार्क झालं तर काय फरक पडेल? ते म्हणाले, त्यांना त्यातलं फारसं कळत नाही. पण मागच्या वेळीही त्यांच्या वडिलांना फारसं कळलं नव्हतं.

मी अजूनही त्या ऐंशी डॉलरच्या पासचा मालक आहे, आणि डिसेंबरमध्ये मित्रांबरोबर एव्हरग्लेड्सला जाणार आहे. नॅशनल पार्क ही कल्पना मला आजही आवडते. पण या जागेबद्दल कुणी माझं मत विचारलं तर मी सांगेन : नाव बदलायच्या आधी गेल्या वेळचा हिशेब मिटवा. नव्या भूसंपादनावर कायद्यातच स्पष्ट बंदी घाला, बचाव पथकांचा खर्च केंद्राने उचलावा, टाउनशिपांना आणि लेनापींच्या वंशजांना निर्णयात मत द्या, आणि मग विचारा. तरीही नाही म्हणाले तर नाही. आताच्या नावानेही नदी वाहते आहे आणि ४० लाख लोक येतातच आहेत.

निघताना त्या गृहस्थांनी मला पुढच्या पायऱ्या दाखवल्या. दगडाच्या पाच पायऱ्या, वर झाडी. कडेला पिवळ्या डॅफोडिलांची रांग होती, फुलं सुकत आलेली. ती आईने लावली होती म्हणाले. मी फोन खिशातच ठेवला.